मृगयेचे श्वान आणि त्यांच्या संकराची निवड

घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले, हे सर्वश्रुत आहे. वसईच्या खाडीकाठी पोर्तुगीजांनी बांधलेला आणि इ. स. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आलेला तेथील किल्ला आजही या नावाची आठवण देत उभा आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या अरबी घोड्यास आपल्या जुन्या भाषेत 'ताजी' म्हणत. फारसीत हाच शब्द लांब पायांच्या व बारीक कमरेच्या शिकारी कुत्र्यासही लावतात. घोडा आणि कुत्रा या दोन भिन्न जातींच्या प्राण्यांस एकच नाव मिळावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दोघेही मोकळ्या मैदानात धावण्यासाठी वाढविलेले, दोघेही स्वाराच्या संगतीने देशोदेशी फिरलेले. आणि दोघांच्याही बाबतीत दख्खनच्या लोकांपुढे एकच प्रश्न आला. परदेशी वेग आणि देशी काटकपणा यांचा मेळ कोणत्या प्रमाणात घालावा, हा तो प्रश्न होय. त्याचा श्वानांपुरता विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

१. शब्दविचार

संस्कृत कोशवाङ्मयात श्वानवाचक शब्द पुष्कळ आहेत. त्यांपैकी चार शब्द आमच्या विषयाला विशेष उपयोगी आहेत. अमरकोशात सारमेय, कौलेयक व मृगदंशक हे सामान्यतः कुत्र्याचे पर्याय म्हणून दिले असून, मृगयेत कुशल असलेल्या श्वानास 'विश्वकद्रु' हे निराळे नाव सांगितले आहे.

सारमेय म्हणजे सरमेचे अपत्य. सरमा ही इंद्राची देवशुनी. पणींनी दडविलेल्या गाई तिने शोधून काढल्या, ही ऋग्वेदातील कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या नावातील 'सृ' हा धातू गतिवाचक आहे. मृगदंशक म्हणजे मृगास दाताने धरणारा. म्हणजे सरमेच्या कथेत शोध आला, तिच्या नावात धाव आली आणि मृगदंशक या शब्दात पकड आली. शिकारी कुत्र्याचे सारे गुण या तिहींत सामावतात.

'कौलेयक' या शब्दाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. 'कुल' शब्दापासून श्वान या अर्थी हे रूप साधावे, असे पाणिनीने एका स्वतंत्र सूत्राने (४.२.९६) सांगितले आहे. त्याच सूत्रात कुक्षीपासून खड्ग या अर्थी आणि ग्रीवेपासून अलंकार या अर्थी तशीच रूपे सांगितली आहेत. कुत्र्याच्या कुळाचा विचार इतका रूढ होता की व्याकरणकारास त्याची दखल घेणे भाग पडले. परंतु कुलवान श्वानास एक शब्द आणि कुशल श्वानास दुसरा शब्द, हे द्वैत वाचकांनी ध्यानात ठेवावे. संकराच्या निवडीचा सारा वाद याच दोन शब्दांमध्ये आहे.

शिकारी श्वानांची जोपासना आपल्याकडे प्राचीन आहे. केकयराजाने भरतास दिलेल्या भेटींत अंतःपुरात वाढविलेले, मोठ्या देहाचे व तीक्ष्ण दाढांचे कुत्रे होते, असे रामायणाच्या अयोध्याकांडात वर्णन आहे. कौटिल्याने कुत्र्यांचे कळप बाळगणाऱ्या 'श्वगणी' लोकांस लुब्धकांबरोबर अरण्यांतून फिरण्याचे काम नेमून दिले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोदास स्वतंत्र स्थान आहे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि जेथे कारवानी कुत्रे आजही पाळले जातात तो लातूर व धाराशिवचा मुलूख एकमेकांस लागून आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

२. गुण व भूमी

शोध, धाव आणि पकड हे तीन गुण एकाच प्राण्यात पूर्णत्वाने सापडत नाहीत. जो कुत्रा नाकाने माग काढतो, तो मान खाली घालून सावकाश चालतो. जो डोळ्याने सावज टिपतो, त्याचे मुंडके लांबट, छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय उंच असतात. त्यास वास घेण्याची सवड नसते. जो सावज धरून ठेवतो, त्याचा जबडा रुंद व मान जाड असते, आणि तेवढे वजन घेऊन त्याला ससा गाठता येत नाही. एक गुण वाढविला की दुसरा घटतो. संकर करणे म्हणजे या तिहींचे प्रमाण ठरविणे होय, आणि ते प्रमाण भूमी व सावज यांवरून ठरते.

घोडबंदरचेच उदाहरण घ्यावे. किल्ल्याच्या दक्षिणेस जे डोंगर व जे रान लागते, ते आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस खाडी, तिचा चिखल आणि तिवरांची दाटी. अशा कारवीच्या व वेलींच्या जाळीत दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. डोळ्यावर विसंबणारा उंच कुत्रा येथे निरुपयोगी. भरधाव सुटला तर झाडावर आपटून जायबंदी व्हावयाचा. कोकणातील कातकऱ्यांनी शिकारीस गावठी कुत्रे बाळगले, त्याचे इंगित हेच आहे. बेताची उंची, घट्ट पंजे, चांगले नाक आणि सावज अडवून भुंकत राहण्याची खोड, एवढे गुण तेथे पुरेसे होते.

घाट ओलांडून देशावर गेले की चित्र पालटते. भीमा, सीना व मांजरा यांच्या खोऱ्यांत माळ मोकळा, झाडी विरळ आणि सावज म्हणजे ससा, खोकड, कोल्हा, काळवीट. येथे दिसलेले सावज धावून गाठावे लागते. परंतु जमीन कोठे मुरमाड, कोठे उन्हाळ्यात भेगाळणारी काळी. आणि ऊन असे की नाजूक जनावर अर्ध्या घटकेत बसकण मारते. विलायती ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो. पण तो वेग थोड्या अंतरापुरता असतो. ससा वळणे घेत लांबवर पळू लागला, म्हणजे वेगापेक्षा दम, पंजा आणि अक्कल यांचीच कसोटी लागते.

३. विलायतेतील 'लर्चर'

इंग्लंडात हाच प्रश्न निराळ्या कारणाने उत्पन्न झाला. इ. स. १३८९ च्या एका कायद्याने, वर्षास ४० शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसास ग्रेहाउंड बाळगण्याची मनाई केली. म्हणजे कौलेयक धन्यांकडे राहिला. गरिबांच्या हाती आला तो ग्रेहाउंड व दुसरा एखादा कामाचा कुत्रा यांचा संकर. पुढे त्यास 'लर्चर' हे नाव पडले. समज व आज्ञाधारकपणा हवा तर मेंढपाळाच्या कॉली कुत्र्याचे रक्त घालावे. चिवटपणा व राठ केस हवे तर टेरियरचे. लांब पल्ल्याचा दम हवा तर अरबी सलुकीचे, अशी तेथील रीत आहे.

या व्यवहारात एक शास्त्रीय अडचण आहे. दोन शुद्ध कुळांच्या पहिल्या संकराची पिल्ले बरीचशी एकसारखी निघतात. परंतु त्या संकरजांचा आपसांत संयोग केला, की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एकाच वेतात एक पिल्लू आजोबासारखे, दुसरे आजीसारखे, तर तिसरे दोहोंचे दोषच घेऊन जन्मते. मेंडेलने वाटाण्यांवर सिद्ध केलेला नियम कुत्र्यांस चुकत नाही. सबब संकर करणारापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर दरवेळी शुद्ध जोडीपासून नवा संकर काढावा. नाहीतर पिढ्यान् पिढ्या कठोर निवड करून त्या संकराचेच नवे कुळ स्थिर करावे. दख्खनने दुसरा मार्ग पत्करला.

४. दख्खनचा निवाडा

घोड्यांच्या बाबतीत हा निवाडा आपल्या परिचयाचा आहे. अरबी व तुर्की घोडे आणि देशी घोड्या यांच्या मिश्रणातून भीमा-नीरेच्या खोऱ्यांत भीमथडी तट्टू तयार झाले. ते अरबी घोड्याइतके देखणे नव्हते. पण मूठभर चाऱ्यावर मजलामागून मजला मारणारे होते, आणि मराठ्यांच्या दौडीस तेच उपयोगी पडले.

श्वानांचेही असेच झाले असावे, असे आमचे मत आहे. काबूलकडील, विशेषतः हजारा प्रांतातील कुत्रे उत्तम असतात आणि अकबर देशोदेशीचे कुत्रे मागवीत असे, असे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त नमूद केले आहे. उत्तरेकडील व पश्चिमेकडील हे ताजी वाण लष्करांबरोबर आणि व्यापारी तांड्यांबरोबर दक्षिणेत उतरले. 'कारवानी' हे नावच तांड्याचे, म्हणजे कारवानाचे, स्मारक आहे. येथे धनगर, लमाण, बेरड इत्यादी फिरत्या व रानावनात वावरणाऱ्या लोकांनी ते पाळले. त्यांच्याकडे वंशावळीच्या वह्या नव्हत्या. पण जो कुत्रा उन्हात टिकला, भाकरीच्या तुकड्यावर जगला आणि सावज घेऊन आला, त्याचीच पिल्ले ठेवावयाची, हा दंडक होता. प्रथम विश्वकद्रु निवडला, आणि त्यातून कालांतराने कौलेयक सिद्ध झाला.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातील बेरडांजवळचे असे कुत्रे पाहून त्यांची पद्धतशीर पैदास केली व एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत यासच 'कॅरव्हान हाउंड' म्हणतात. नावे दोन असली तरी मूळ एक आहे. याउलट रामपूरच्या नबाबांनी ताजी व विलायती ग्रेहाउंड यांचा संकर दरबारी हौसेने केला म्हणून सांगतात. मुधोळात राजाने प्रजेची निवड मान्य केली. रामपुरात निवडही राजाचीच होती. हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

५. सद्यःस्थिती

आता शिकारीचा काळ संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीने, वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी झाली, हे इष्टच झाले. घोडबंदरच्या रानात तर आज बिबट्याच कुत्रे मारून खातो. तेथे कुत्रा घेऊन शिरणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय त्यात वन्य प्राण्यांस कुत्र्यांचे रोग लागण्याचाही धोका आहे.

परंतु बंदीबरोबर एक कसोटीही गेली. ज्या कसोटीवर कारवानी घडला ती उरली नाही, आणि तिच्या जागी गावोगावच्या शर्यती आल्या. शर्यतीस काहीशे मीटरांचा वेग पुरतो. म्हणून कारवानीत ग्रेहाउंडचे रक्त मिसळण्याचा मोह वाढला आहे. त्याने वेग वाढेल. पण दम, पंजा व उष्णता सोसण्याची शक्ती जाईल. शतकांच्या निवडीने जे स्थिर झाले, ते दोन पिढ्यांत विखुरण्यास वेळ लागणार नाही. दुसऱ्या बाजूस, प्रदर्शनात केवळ उंची, रंग व शेपटीचा बाक पाहून बक्षिसे दिली, तर कुळ टिकेल आणि कौशल्य लोपेल.

सुचिन्हेही आहेत. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी श्वानांच्या तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश केला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र चालते. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी नेण्यात आली. पहाऱ्याचे व मागावर राहण्याचे काम, दीर्घ अंतराची चाल आणि उन्हातील टिकाव यांवरून निवड झाली, तर जुन्या कसोटीची उणीव पुष्कळ अंशी भरून निघेल.

आणखी एक कर्तव्य आमच्यासारख्या इतिहासाच्या उपासकांचे आहे. ज्यांनी ही निवड केली, त्यांपैकी कित्येक जमातींस इंग्रजी राजवटीने गुन्हेगार ठरविले. १८७१ चा तो कायदा पुढे विस्तारत गेला आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. पण त्याने लागलेला कलंक अद्याप पुसलेला नाही. पिल्लू कसे पारखावे, पंजा कसा दाबून पाहावा, कोणती कुत्री कोणास द्यावी, हे ज्ञान त्यांच्या वृद्धांच्या तोंडी आहे. आपल्या संस्थांनी राजवाड्यांचे कागद जमविले, तसे तांड्यांतील आणि वाड्यांतील हे शब्द व ही पारखही त्यांच्या मुखाने टिपून घ्यावी. श्वानाची वंशावळ नोंदविणारे पुष्कळ आहेत. ती घडविणाऱ्यांची नोंद अजून व्हावयाची आहे.