वऱ्हाडी बोली आणि वाचा-भाषा उपचार

वाचा व भाषा उपचारतज्ज्ञाचे कार्य उच्चारसुधारणेपुरते मर्यादित नाही. तोतरेपणा, पक्षाघातानंतरचा वाचाघात, श्रवणदोषामुळे खुंटलेला भाषाविकास यांचाही त्यात समावेश होतो. अमरावती-अकोला परिसरात निदान करताना बोलीचा विचार अनिवार्य ठरतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' व 'ण'चा 'न' होतो. त्यामुळे 'डोया', 'पानी' म्हणणारे बालक सदोष उच्चार करीत नसून घरची बोली बोलत असते. याउलट चार वर्षे पूर्ण झाल्यावरही ते 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, तर तपासणी आवश्यक आहे. प्रमाणभाषा हाच निकष मानल्यास निरोगी बालक सदोष ठरते. सारेच बोलीवर ढकलल्यास खरा दोष दुर्लक्षित राहून उपचाराची महत्त्वाची वर्षे वाया जातात. म्हणून बालकाच्या उच्चारांची तुलना त्याच्या कुटुंबाच्या व परिसरातील समवयस्कांच्या बोलीशीच होणे इष्ट होय.