पहिलटकरणीचे घड्याळ

घरात पहिलटकरीण नवव्या महिन्यात असली की एक प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो: कळा सुरू झाल्या की निघायचे कधी? ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात तो जरा जास्तच टोचतो. येथे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजतात. लोकल पारसिकचा डोंगर पार करून सरळ जाते. रस्त्याने डोंबिवलीहून ठाणे गाठायचे तर बहुधा शीळफाट्याचा वळसा पडतो आणि तेथे गाडी अडकली की घड्याळाकडे पाहण्यावाचून काही उरत नाही. फार लवकर गेले तर "अजून वेळ आहे, घरी जा" असे ऐकून परतावे लागते. उशीर केला तर काय होईल, ही धास्ती.

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर आहे. पण त्यासाठी पहिल्या बाळंतपणाचे घड्याळ कसे चालते ते समजून घ्यावे लागेल. शाळेत प्रजननाचा धडा शिकवताना आपण फलन, गर्भाची वाढ, नाळ इथपर्यंत तपशिलाने जातो आणि "नऊ महिन्यांनी बाळ जन्मते" या वाक्यावर थांबतो. त्या एका वाक्यात काय दडले आहे ते पाहू.

हुकूम कोण देतो?

डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळे नेमक्या त्या दिवशी जन्मतात. ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान केव्हाही कळा सुरू होऊ शकतात. तारीख म्हणजे गाडीची वेळ नव्हे, अंदाज आहे.

गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंचा अवयव. आकुंचन पावणे हा स्नायूचा स्वभाव. तरीही नऊ महिने तो शांत राहतो, कारण प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्याला शांत ठेवते. ही शांतता मोडते कशी? न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करून दाखवले की तेथे हुकूम पिल्लाकडून येतो. वाढ पुरी होत आली की कोकराच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते, त्यामुळे आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन घटते आणि कळा सुरू होतात. माणसात गोष्ट थोडी वेगळी आहे. रक्तातले प्रोजेस्टेरॉन कमी होत नाही. गर्भाशयाचे स्नायूच त्याचे ऐकेनासे होतात.

याच सुमारास स्नायूंवर ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक रेणू झपाट्याने वाढतात. पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये नोंदवले होते. त्या अर्कातले ऑक्सिटोसिन हे अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज सलाईनमधून कळा वाढवण्यासाठी देतात ते हेच द्रव्य.

येथे फीडबॅकचे एक उत्तम उदाहरण मिळते. इस्त्री तापली की तिचा थर्मोस्टॅट वीज बंद करतो. परिणाम कारणाला आवर घालतो. शरीरातले बहुतेक व्यवहार असेच चालतात. बाळंतपणात मात्र उलटे घडते. बाळाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर दाबले गेले की मेंदूकडे संदेश जातो, ऑक्सिटोसिन अधिक सुटते, कळ जोरात येते, डोके आणखी दाबले जाते. परिणाम कारणाला बळ देतो. हे चक्र बाळ बाहेर आल्यावरच थांबते.

फुगा आणि चेंडू

मग पहिल्या खेपेला इतका वेळ का लागतो? वर्गात करता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. एका मोठ्या फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घाला. फुगा फुगवा आणि तोंड न बांधता ते खाली येईल असा धरा. चेंडू मानेशी बसून हवा अडवतो. आता फुगा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. विशेष काही होत नाही. शेवटच्या महिन्यांत अधूनमधून पोट कडक होते त्या खोट्या कळा अशाच. आता फुग्याचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून पुन्हा पुन्हा दाबा आणि सोडा. मानेकडे लक्ष द्या. आधी ती आखूड होते, पातळ होते. मग तोंड उघडू लागते. आणि शेवटी चेंडू बाहेर पडतो.

गर्भाशयाच्या मुखाचेही असेच आहे. प्रथम ते नाकाच्या शेंड्याइतके घट्ट असते. मऊ होता होता ते ओठासारखे होते. प्रत्येक कळेत गर्भाशयाच्या वरच्या भागातील स्नायूतंतू आखडतात आणि कळ ओसरल्यावर पूर्ववत लांब न होता थोडे आखूडच राहतात. त्यामुळे खालचा भाग कळेगणिक वर ओढला जातो. पहिलटकरणीत मुख आधी पुरते पातळ होते आणि नंतर उघडू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ही दोन्ही कामे बरोबरीने होतात. म्हणून पहिलटकरीण रात्रभर कळा सोसते आणि सकाळी तपासणीत "दोनच सेंटिमीटर" असे ऐकते, तेव्हा तिचे श्रम वाया गेलेले नसतात. मान पातळ होण्याचे काम सेंटिमीटरमध्ये दिसत नाही एवढेच.

मुख १० सेंटिमीटर उघडले की पहिला टप्पा संपतो. हा आकडा का? पूर्ण वाढीच्या बाळाच्या डोक्याची रुंदी सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असते. कवटीची हाडे अजून जुळलेली नसल्याने ती किंचित एकमेकांवर सरकतात आणि डोके वळत वळत वाट काढते. हा दुसरा टप्पा. वार पडली की तिसरा टप्पा पुरा होतो.

किती सावकाश म्हणजे फार सावकाश?

सावकाश होणे आणि अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बाहेरून त्या सुरुवातीला सारख्याच दिसतात. हा फरक ओळखण्याची किंमत किती असते याची आठवण कल्याणच्याच इतिहासात आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचे नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी ती आई झाली. योग्य वैद्यकीय मदतीअभावी तिचे बाळ दहा दिवसच जगले. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाईंनी एम. डी. पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. चौदा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या वर्गातली मुलगी. त्या वयात कटीच्या हाडांची वाढही पुरी झालेली नसते, आणि विशीच्या आतील बाळंतपण आई व बाळ दोघांनाही अधिक धोक्याचे असते, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

"सावकाश" आणि "अडलेले" यांतली रेघ आखण्याचा पहिला मोठा प्रयत्न न्यूयॉर्कचे इमॅन्युएल फ्रीडमन यांनी केला. १९५५ मध्ये त्यांनी ५०० पहिलटकरणींच्या नोंदी आलेखावर मांडल्या: आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर सेंटिमीटर. आधी बराच वेळ जवळजवळ सपाट आणि मग एकदम चढणारी अशी ती रेषा होती. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, या आलेखाला कामाला लावले. दूरच्या दवाखान्यातील सुईणीला मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवायचे हे कळावे म्हणून त्यांनी तासाला एक सेंटिमीटर या वेगाची इशाऱ्याची रेघ आखली आणि तिच्यापुढे चार तासांवर कृतीची रेघ. मधले चार तास होते प्रवासासाठी! अंतर मिनिटांत मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कल्पना सहज पटावी. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड येथील ३५,४८४ स्त्रियांवरील पाहणी प्रसिद्ध केली. असा आलेख वापरल्यावर अठरा तासांहून अधिक लांबलेल्या बाळंतपणांचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले.

पण सोयीची रेघ हळूहळू नियम बनते. तासाला एक सेंटिमीटर झाले नाही की काहीतरी बिघडले, असे मानले जाऊ लागले. २०१० मध्ये अमेरिकेतील १९ रुग्णालयांतील ६२,४१५ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ही सारी बाळंतपणे नैसर्गिक मार्गाने झालेली आणि बाळे सुखरूप होती. तरी चारावरून पाच सेंटिमीटरवर जायला सहा तासांहून अधिक आणि पाचावरून सहावर जायला तीन तासांहून अधिक वेळ लागू शकतो, असे दिसले. सहाच्या पुढे वेग वाढतो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली भूमिका बदलली. पहिल्या टप्प्याचा वेगवान भाग पाच सेंटिमीटरपासून मोजावा. पहिलटकरणीत तो सहसा बारा तासांपलीकडे जात नाही. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ तासाला एक सेंटिमीटर होत नाही म्हणून कळा वाढवण्याची किंवा सिझेरियनची घाई करू नये, असे तिने सांगितले. २०२० मध्ये या विचारावर बेतलेला नवा तक्ता आला. त्यात सेंटिमीटरबरोबर बाळाचे ठोके, आईची नाडी, रक्तदाब आणि सोबतीला कोणी आहे का, याचीही नोंद होते.

आपल्याकडे हा बदल महत्त्वाचा का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. आनंदीबाईंच्या काळापासूनचा हा प्रवास मोठा आहे. त्याच पाहणीत देशभर सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचे प्रमाण सुमारे १४ टक्के तर खासगी दवाखान्यांत सुमारे ४७ टक्के आढळले. सारा फरक घाईचा नव्हे. सिझेरियनने असंख्य जीव वाचतात. अडलेल्या बाळंतपणात तर तोच उपाय असतो. पण घड्याळ नीट वाचता आले तर जिथे शस्त्रक्रिया हवी तिथे ती वेळेवर होईल आणि जिथे धीर पुरेल तिथे धीर धरला जाईल.

मग निघायचे केव्हा?

खोट्या कळा अनियमित असतात. चालले-फिरले, पाणी प्यायले, पडून राहिले की विरतात. खऱ्या कळा नियमित होत जातात, त्यांच्यातले अंतर घटते, जोर वाढतो आणि विश्रांतीने त्या थांबत नाहीत. बहुधा कमरेपासून सुरू होऊन पोटाकडे येतात. रक्ताचा किंचित अंश असलेला चिकट स्राव दिसणे ही पूर्वसूचना असते. पहिलटकरणीसाठी ढोबळ हिशेब असा: सुमारे पाच मिनिटांच्या अंतराने, जवळपास मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे, आणि वाट लांबची किंवा गर्दीची असेल तर प्रवासाचा वेळ हिशेबात धरून आधीच निघावे. घरातल्या कोणीतरी कागदावर कळेची सुरुवात आणि शेवट लिहून ठेवला तर डॉक्टरांनाही मदत होते.

काही वेळा मात्र कळांची वाट पाहायचीच नसते. पाणमोट फुटली, रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला किंवा ३७ आठवडे पुरे होण्याआधीच कळा आल्या, तर लगेच दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हा क्रमांक मुलांनाही पाठ हवा. लोकलमधून उतरवलेल्या बाईचे बाळंतपण ठाणे स्थानकात झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. बातमी होते ती अशा झपाट्याने झालेल्या बाळंतपणांची. पहिलटकरणीचे बाळंतपण बहुधा इतके वेगाने होत नाही. तिला तास लागतात.

त्या तासांत सोबत हवी. आई, सासूबाई, बहीण, नवरा, जे तिला धीर देते असे कोणीही. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते आणि त्याने कळा मंदावू शकतात. सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यास २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले. सतत सोबत मिळालेल्यांचे बाळंतपण थोडे लवकर झाले आणि त्यांच्यात सिझेरियनही कमी झाले, असे त्यातून दिसले. "पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच" असे म्हणत रात्रभर पाठ चोळणाऱ्या आजीच्या वागण्यात शास्त्र होते ते हे.

फुग्याचा प्रयोग मुला-मुलींना एकत्र बसवून करावा, असे आम्हाला वाटते. कागदावर १, ५ आणि १० सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे काढायला सांगावी आणि मग फ्रीडमन यांची रेषा फळ्यावर काढावी. गणित, जीवशास्त्र आणि इतिहास एकाच तासिकेत येतात. आज बाकावर बसलेल्यांपैकी कोणी उद्या स्वतः पहिलटकरीण असेल, तर कोणी तिच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन कळा मोजत बसलेला नवरा असेल. घड्याळ कसे वाचायचे हे दोघांनाही ठाऊक असलेले बरे.