पिठाचा माग, पांधणीची वाट

पांधणीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेच्या, कडेला मूठभर गव्हाचं पीठ पडलेलं असतं. पन्नास-साठ पावलांवर आणखी एक मूठ, मग आणखी एक. आणि जिथे पांधणीला तीन वाटा फुटतात तिथे पिठानेच काढलेलं हातभर रुंद वर्तुळ. इथवर आलेला प्रत्येक जण थांबतो, कारण माग पुढे कुठे गेला हे वर्तुळ सांगत नाही. ते शोधून काढावं लागतं. हॅश या नावाने जगभर जे घोळक्याने रानोमाळ धावणं चालतं, त्याचा जीव या वर्तुळात आहे. धावण्याच्या दुनियेत इतकी माणुसकीची युक्ती दुसरी कुणी काढल्याचं मला दिसलेलं नाही.

संपादकांना हवा होता नागपूरच्या मॅरेथॉनवेडावर लेख. वेड आहेच. हिवाळ्यात पहाटे सेमिनरी हिल्सला, अंबाझरीला किंवा फुटाळ्याला जा; किलोमीटरला किती मिनिटं लागली ते मनगटावर बघत धावणारी माणसं दिसतील. सोबत म्हणून निघालेली चौकडी दुसऱ्याच किलोमीटरला पांगते. जोरकस गडी पुढे, बाकीचे आपापल्या दमाने मागे, आणि पन्नाशीचे काका सगळ्यांत शेवटी, एकटे. गप्पा होतात त्या धावणं आटोपल्यावर, गाड्यांपाशी. हे बघता बघता हॅशचा विषय डोक्यात बसला आणि मी लेखाचा रोख बदलून घेतला.

इतिहास मोठा आहे, पण त्यात फार रेंगाळण्याचं कारण नाही. एकाने पुढे पळत कागदाचे कपटे टाकत जायचं आणि बाकीच्यांनी त्या खुणांवरून त्याला गाठायचं, हा खेळ इंग्लंडच्या शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजला होता. पुढे पळणारा तो ससा, मागचे सगळे शिकारी कुत्रे. लंडनजवळ १८६८ मध्ये याच खेळातून ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब निघाला. इंग्रज जिथे गेले तिथे हा खेळ घेऊन गेले. १९३८ च्या अखेरीस क्वालालंपूरमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या काही तरुणांनी रबराच्या मळ्यांतून धावायला सुरुवात केली. त्यांचा म्होरक्या अल्बर्ट स्टीफन इग्नेशियस गिस्पर्ट नावाचा हिशेबनीस. ही मंडळी जिथे जेवत त्या खाणावळीला बेचव जेवणापायी ‘हॅश हाउस’ म्हणत, म्हणून क्लब झाला ‘हॅश हाउस हॅरियर्स’. गिस्पर्ट फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. उरलेल्या सोबत्यांनी युद्धानंतर धावणं पुन्हा सुरू केलं. १९५० साली सरकारदरबारी नोंदणी करताना त्यांनी उद्देश लिहून दिले. त्यांत तब्येत राखणं होतं, तहान लागेपर्यंत धावून ती बिअरने भागवणं होतं आणि वय झालेल्या सभासदांना तुम्हाला वाटतं तितके तुम्ही म्हातारे नाही हे पटवून देणंही होतं. १९६२ मध्ये सिंगापुरात दुसरी शाखा निघाली, तिथून वेल पसरत गेला. १९७८ मध्ये हाँगकाँगला पहिला जागतिक मेळा भरला. २००२ चा मेळा आपल्या शेजारी, गोव्यात भरला होता. या सगळ्याला मध्यवर्ती कार्यालय नाही, अध्यक्ष नाही, बक्षीस तर नाहीच.

बक्षीस नाही, कारण शर्यत नाही. आणि शर्यत होऊ न देण्याचं काम ते वर्तुळ करतं, ज्याला हॅशवाले ‘चेक’ म्हणतात. नीट बघितलं तर त्याची रचना फार विचारपूर्वक आहे. सशाने आदल्या दिवशी किंवा पहाटे माग टाकून ठेवलेला असतो. घोळका खुणा बघत पळत सुटतो, खूण दिसली की पुढचा ओरडतो, ‘ऑन, ऑन!’ आणि मागच्यांना दिशा कळते. चेक आला की पुढे असलेल्या चार-पाच दमदारांना चहूकडे पांगावं लागतं. एक जण शेताच्या धुऱ्याने जातो, एक नाल्याकडे उतरतो, एक सरळ गाडीवाटेने. कुणाला दोन खुणा सापडतात आणि तिसऱ्या ठिकाणी पिठाची फुली दिसते. म्हणजे वाट खोटी, परत फिरा. कुणी दोनशे पावलं जाऊन काहीच न मिळाल्याने परततो. तोवर मागचे येऊन पोचलेले असतात, घोटभर पाणी पिऊन, श्वास सारखा करून उभे असतात. मग कुठून तरी आरोळी येते, ‘ऑन, ऑन!’ आणि सगळे पुन्हा एकत्र निघतात. पुष्कळदा आता आघाडीला तेच असतात जे मघाशी शेवटी होते, कारण खरी वाट त्यांच्या पुढ्यातच निघालेली असते.

असे पाच-सहा चेक चांगल्या सशाने बरोबर जागी टाकले, तर तिशीतला पट्टीचा धावपटू दहा किलोमीटर धावतो, गुडघे दुखणाऱ्या काकू सहा किलोमीटर चालतात, आणि दोघं शेवटाला पाच मिनिटांच्या फरकाने पोचतात. कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं, कुणावर उपकार झालेले नसतात. वेगवान माणसाला त्याच्या वाट्याचा घाम मिळतो, सावकाश माणसाला सोबत मिळते. मला या यंत्रणेचं जे अप्रूप वाटतं ते इथे. दमलेल्याला सांभाळून घ्या असं बजावणारे फलक तिथे नसतात. मुळात रचनाच अशी की सांभाळून घेतलं जातं.

सारी भिस्त मात्र सशावर. चेक फार लवकर सुटला तर घोळका तुटतो, फार अवघड झाला तर लोक कंटाळून डांबरी रस्त्याने घरी जातात. सशाला जमीन पायाखालची हवी. आपल्याकडे माग काढणं ही एकेकाळी गावगाड्यातली जबाबदारीच होती. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग ज्याच्या शिवेत हरवला त्या गावावर भरपाईचा बोजा येई. त्या माणसांना ढेकूळ कोणत्या पायाने फुटलं ते कळत असे. सशाला त्याच्या उलटं करावं लागतं. वाचता येईल पण सहज येणार नाही असा माग लिहावा लागतो.

नागपूरचा शिवार यासाठी फार मोलाचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची सीमा या शहराजवळ येऊन संपते. पश्चिमेला हिंगणा, काटोल, कळमेश्वरकडे काळी कसदार माती, बरड टेकाडं, संत्र्याचे बगीचे. पूर्वेला मौदा-कुहीकडे जमीन उतरत जाते, धानाच्या बांध्या सुरू होतात. तासाभराच्या अंतरात धावणाऱ्याच्या पायाखालची माती बदलते, असं भाग्य फार थोड्या शहरांना आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी कळमेश्वर तालुक्यात आमच्या ओळखीच्या धावणाऱ्यांनी हॅशच्या रीतीने माग टाकला, तेव्हा मी सशाबरोबर गेलो. ससा याच भागातल्या शेतकरी घरातला, नोकरीपायी शहरात आलेला. त्याच्या खांद्याला पिठाची कापडी थैली. पीठ तो उधळत नव्हता. कमरेत वाकून, मनगट खाली ठेवून, बाभळीच्या बुंध्याशी किंवा दगडाच्या आडोशाला मूठ सोडायचा, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही आणि बंडीच्या चाकाखाली येणार नाही. काळ्या मातीवर पांढरी खूण लांबूनही लखलखीत दिसते. मुरमाड टेकाडावर मात्र ती हरवते, तिथे तो खुणा जवळजवळ टाकत होता. एका बाजूला तुरीची कापणी चालली होती, दुसरीकडे कपाशीची शेवटची वेचणी. वेचणाऱ्या बायांपैकी एकीने कमरेवर हात ठेवून विचारलं, “काऊन हो भाऊ, पीठ काऊन सांडून राहिले?”

सशाने थांबून सगळं समजावून सांगितलं. मागून तीसेक जण पळत येतील, शेतात कुणी शिरणार नाही, धुऱ्या-पांधणीनेच जातील. बाई म्हणाली, “पण खायचं पीठ मातीत टाकता, हे काही बरं नाही दिसत.” त्याने मान खाली घातली. हा प्रश्न मला आजही टोचतो. विदर्भात, कर्जाने पिचलेल्या शिवारात, गव्हाचं पीठ खेळापायी मातीत टाकणं बरं दिसत नाहीच. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती चुन्याची फक्की वापरावी, तर ती डोळ्यांत गेली की आग होते, आणि खूण चाटायला येणाऱ्या गुरांनाही ती चांगली नाही. कागदाचे कपटे नकोतच, तो कचरा महिनोन्महिने राहतो. किडलेलं, जुनं, गिरणीत सांडलेलं पीठ गोळा करणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. मुंग्या, पाखरं ते संपवतात. आमच्या सशाने तेव्हापासून तेच धरलं आहे.

दुसरी अडचण वर्तुळाचीच. तिठ्यावर पिठाचं वर्तुळ बघून गावात काय वाटणार, हे सांगायला नको. उतारा टाकलाय, करणी केलीय, अशी कुजबुज सुरू व्हायला एक सकाळ पुरते. अमेरिकेत २००७ साली न्यू हेवनला एका दुकानाच्या वाहनतळावर दोघा हॅशवाल्यांनी पीठ टाकलं, तर विषारी भुकटी समजून पोलिसांनी परिसर रिकामा केला आणि दोघांना अटक झाली. भीती सगळीकडे असते, फक्त तिचं रूप वेगळं. म्हणून इथे वस्तीजवळच्या चौफुलीवर चेक टाकायचा नाही, अमावस्येच्या आसपास तर कुठेच नाही, आणि आदल्या दिवशी सरपंच व पोलीस पाटलांना सांगून ठेवायचं, असा नेम करावा लागतो.

मग ऋतू. नागपूरचा मे महिना एखाद्या वर्षी ४७ अंशांच्या पुढे जातो. २०१३ साली तो ४७.९ वर गेला होता. त्या दिवसांत शिवारात धावणं म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात पीठ तासाभरात वाहून जातं, आणि काळ्या मातीतली पांधण अशी चिकटते की बूट पायातून निघून येतो. घोणस, मण्यार वर आलेली असतात. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने, आणि नेमकं तेव्हाच शेत राखणीला आलेलं असतं. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत हरभरा साफ करतात. त्यांना अडवायला कुंपणाला सौर झटका मशीन लावलेलं असेल तर झटका बसतो, जीव जात नाही. पण काही ठिकाणी चोरून थेट विजेचा प्रवाह सोडलेला असतो, आणि त्याने जनावरं मरतात तशी माणसंही मेली आहेत. एखादा उत्साही धावपटू जवळच्या वाटेच्या मोहात तारेखालून वाकून गेला तर काय होईल, या विचाराने सशाची आदली रात्र नीट जात नाही. तो प्रत्येक शेताच्या मालकाला स्वतः भेटतो, रात्रीची तार सकाळी बंद झाल्याची खात्री करतो, आणि जिथे खात्री होत नाही तो धुरा मागातून वगळतो.

वाघ-बिबट्याचंही भान ठेवावं लागतं. गोरेवाड्याच्या जंगलात बिबटे आहेत, २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानच्या परिसरात वाघ फिरत होता, आणि बोर व पेंच यांच्या दरम्यान वाघांची जा-ये याच पश्चिमेकडच्या टेकड्यांतून होते. त्यामुळे ऊन पडल्याशिवाय निघायचं नाही, वनखात्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. शेवटाच्या बिअरचा बेत तर इथे कुणी केलाच नाही. उघड्यावर पिणं राज्यात कुठेही कायद्यात बसत नाही, आणि माग दक्षिणेला जरा लांबला तर दारूबंदीचा वर्धा जिल्हा लागतो. ताक आणि तर्री-पोहे यांवर सगळे तृप्त असतात.

पण या साऱ्यांवर उपाय आहेत. उपाय सापडत नाही तो पांधणीच्या प्रश्नावर. गाव नकाशावर तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग दाखवतात, तुटक एकेरी रेषेने पायमार्ग. पायमार्गाची रुंदी कागदावर सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे शेतकरी दरवर्षी धुरा नांगराच्या एका तासाएवढा वाटेत सरकवतात, घाणेरी आणि बाभळी उरलेली जागा धरतात, आणि एक दिवस कुणी तरी तार ओढतो. त्या वाटेवर ज्याचं शेत आतल्या अंगाला आहे त्याचा कापूस मग डोक्यावरून बाहेर येतो. पेरणीला ट्रॅक्टर जात नाही. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, काही वाटांवर मुरूम पडला, पुष्कळ वाटा तशाच आहेत. हॅशला लागते ती हीच वाट, दुसरी नाही. पांधण मोकळी आहे तिथे माग टाकता येतो, बुजली तिथे आमचा एक रविवार जातो आणि शेतकऱ्याचा हंगाम.

कळमेश्वरच्या पुढे सशाने हेरून ठेवलेली एक सुंदर पांधण आहे. दुतर्फा बोरी, मध्ये नाल्याचा उतार, पलीकडे संत्र्याचा बगीचा, चेकसाठी सोन्यासारखी जागा. तिच्या तोंडाशी आता काटेरी तार आली आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली असा अडथळा तहसीलदार काढून देऊ शकतात, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, आणि ती मागायची ज्याची वहिवाट अडली त्याने. धावणाऱ्यांचा तिथे काही हक्क पोचत नाही. आतल्या बाजूच्या दोन शेतकऱ्यांना ससा भेटून आला आहे. एक अर्ज द्यायला तयार आहे. दुसरा म्हणतो, तार ओढणारा चुलतभाऊ आहे, पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या, मग बघू.