वर्गातून कार्यालयाकडे : शिक्षक मुख्याध्यापक होताना

मे महिन्याच्या अखेरीस अनेक शाळांत जुने मुख्याध्यापक निवृत्त होतात आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्या खुर्चीवर एखादा शिक्षक किंवा शिक्षिका बसलेली असते. पालकांना नाव बदललेले दिसते. पण त्या व्यक्तीच्या आयुष्यात किती मोठे स्थित्यंतर झाले आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. आपल्या धर्मग्रामांच्या शाळांशी आपण सारेच निगडित आहोत. म्हणून हे स्थित्यंतर समजून घेणे अगत्याचे आहे.

नेमणूक कशी होते?

महाराष्ट्रातील खाजगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पदवी व अध्यापनशास्त्राची पदवी आवश्यक असते. शिवाय पदवीनंतर किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव असावा लागतो आणि त्यांपैकी २ वर्षे अध्यापनशास्त्राच्या पदवीनंतरची असावी लागतात. सर्वसाधारण शाळांत पात्र व समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला हे पद मिळते. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र, संविधानाच्या अनुच्छेद ३० ने दिलेल्या हक्काला अनुसरून, आपला मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक याच अधिनियमाने दिली आहे. २००६ साली मलंकारा सिरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही संस्थाप्रमुख निवडण्याचे हे स्वातंत्र्य मान्य केले.

हे स्वातंत्र्य जपताना त्यामागची जबाबदारी विसरून चालणार नाही. सेवाज्येष्ठ शिक्षकाला डावलून दुसऱ्याची निवड झाली, तर ती कोणत्या गुणांसाठी झाली हे शिक्षकवर्गाला कळले पाहिजे. अन्यथा नव्या मुख्याध्यापकाचा पहिला दिवसच अबोल्याने सुरू होतो.

काय बदलते?

शिक्षकाला आपल्या कामाचे फळ रोज दिसते. गणित सुटले की मुलाचा चेहरा उजळतो. मुख्याध्यापकाचे काम दुसऱ्यांच्या हातून घडते, आणि ते चांगले झाले तर त्याचे श्रेयही योग्यच दुसऱ्यांकडे जाते. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्याच सहकाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहावे लागतात, उशिरा येणाऱ्याला समज द्यावी लागते. येथे मैत्री तोडायची नसते. पण मैत्रीखातर एकाला वेगळा न्यायही द्यायचा नसतो.

त्यात कागदपत्रांचा भार असतो. जनरल रजिस्टर, सेवापुस्तके, शालार्थ प्रणालीतील वेतनदेयके, संचमान्यता, यू-डायसची माहिती हे सारे वेळेवर व बिनचूक लागते. पटसंख्या भरताना चूक झाली, तर शिक्षकाचे पद धोक्यात येऊ शकते. 'मी शिकवायला आलो होतो, कारकुनी करायला नव्हे,' असे या काळात अनेकांच्या मनात येते.

परंतु प्रत्येक कागदामागे एक मूल असते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आडनाव एका प्रकारे आणि शाळेच्या रजिस्टरात दुसऱ्या प्रकारे लिहिले गेल्याचे अनुभव आपल्या अनेक कुटुंबांना आहेत. मूल शाळेत असेतो अशी दुरुस्ती त्यामानाने सोपी असते. शाळा सोडल्यानंतर ती फार अवघड होते आणि पारपत्र काढताना किंवा नोकरीच्या वेळी तीच चूक आडवी येते. प्रवेशाच्या दिवशी जन्मतारीख व नाव स्वतः तपासून पाहणारा मुख्याध्यापक त्या मुलाची वर्गात शिकवण्याइतकीच सेवा करत असतो.

पहिल्या वर्षासाठी काही सूचना

पहिले काही महिने मोठे बदल करू नयेत; ऐकावे, पाहावे, टिपून ठेवावे. लिपिकाकडून काम शिकून घेण्यात कमीपणा मानू नये, कारण सही आपली असते आणि न वाचता केलेली सही पुढे महागात पडते. आठवड्यातून काही तासिका तरी स्वतः घ्याव्यात. शिक्षकांच्या अडचणी कळण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात शाळेचे यश मुख्यतः शिक्षकांवर अवलंबून असल्याचे सांगितले. मुख्याध्यापकाने हे सतत ध्यानात ठेवावे. शिक्षकाला निर्धास्तपणे शिकवता यावे म्हणून कार्यालयातील ओझे कोणीतरी उचलावे लागते. ते ओझे आपल्यासाठी उचलणाऱ्या व्यक्तीला तक्रारीपूर्वी एकदा भेटावे, तिचे म्हणणे ऐकावे, एवढे तरी आपण पालक म्हणून नक्कीच करू शकतो.