काचेच्या बशांची तीनमजली मिठाईदाणी

जयपूरमध्ये श्रावणातील तीजेच्या सणाला घेवराचे विशेष महत्त्व असते. तेथील प्रताप नगरसारख्या वसाहतींतील आटोपशीर घरांत अनेक मिठाया थोड्या जागेत मांडण्यासाठी तीनमजली मिठाईदाणी उपयुक्त ठरते.

उतरत्या आकाराच्या तीन काचेच्या बशा व रुंद बुडाच्या दोन मेणबत्तीदाण्या धुऊन कोरड्या कराव्यात. प्रत्येक बशीचा मध्य मोजून घ्यावा. तो चुकल्यास भार एका बाजूला जाऊन दाणी कलंडते. दोन घटकांच्या इपॉक्सी गोंदाने सांधे जोडून २४ तास हलवू नयेत.

जड घेवर तळाशी व हलकी, सुकी मिठाई वर, सांध्यांपासून दूर ठेवावी. कढत पाण्याने गोंद सैल होतो. दाणी उचलताना तळाची बशीच दोन्ही हातांनी धरावी. वरून उचलल्यास सारा भार सांध्यांवर येऊन काच निखळण्याचा धोका असतो.