काळ्या रानात रुतणारी मालगाडी : खर्चिक सामान न घेता चाकाची पकड कशी वाढवावी?

सोलापूरच्या कांदा बाजारात पहाटे ज्या गाड्या लागतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांनी आदल्या रात्री कुठल्यातरी शिवारात चिखलाशी झुंज दिलेली असते. टायरच्या जोडीत अडकलेली काळी माती पाहिली की आम्हाला गाडीचा सगळा प्रवास समजतो. वाहतुकीच्या धंद्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण ते डिझेलचा भाव, टोल, विमा आणि हप्ते यांच्यावर. रस्ता सोडून शंभर पावले आत गेल्यावर जे नुकसान होते, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. एक गाडी असणारा मालक-चालक मात्र खरा मार तिथेच खातो. गाडी एक रात्र रुतली की त्या फेरीचे भाडे गेले, ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरचे पैसे गेले, कांदा भिजला तर व्यापाऱ्याशी वाद झाला, आणि वर क्लच प्लेट जळाली तर पुढचा हप्ताही गेला.

आपल्या जिल्ह्यात पाऊस तसा बेताचाच. पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या वाटेवर पडतो. नेमका त्याच वेळी खरिपाचा कांदा निघू लागतो आणि पाठोपाठ साखर कारखान्यांचा हंगाम उभा राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेकाठी काय झाले ते पंढरपूरकर विसरलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतील रानेच्या राने पाण्याखाली गेली. पूर ओसरतो, पण रानाला वाफसा यायला त्यानंतर कित्येक दिवस लागतात. गिऱ्हाईक आणि कारखाना तेवढे थांबत नाहीत.

फोर बाय फोर गाडी घ्या, मागे दोन धुऱ्या ओढणारी गाडी घ्या, असे सांगणे सोपे आहे. दोन चाके ओढणारी साधी सहाचाकी गाडी ज्याच्याकडे आहे, त्याच्या कामाचे तेवढेच येथे सांगतो.

प्रथम मातीचा स्वभाव. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली झाली म्हणजे टायरच्या खाचांत अशी घट्ट बसते की दोन फेऱ्यांत नवा टायरसुद्धा गुळगुळीत दिसू लागतो. म्हणजे नक्षी असूनही नसल्यासारखी. मुरमाड रानात असे होत नाही, म्हणून बार्शीकडचा किंवा मंगळवेढ्याकडचा ड्रायव्हर काळ्या रानाला जेवढा भितो, तेवढा माळरानाला भीत नाही.

आता हवेचा मुद्दा. यावर ड्रायव्हर मंडळींत हमखास वाद होतो, म्हणून थोडे सविस्तर. भरलेल्या मालगाडीच्या टायरात साधारण शंभर पौंड किंवा त्याहून जास्त हवा असते. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेइतकाच असतो. शंभर पौंड म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७ किलो. माणूस एका पायावर उभा राहिला तरी त्याच्या तळव्याखाली तेवढ्या जागेवर त्याच्या मानाने फारच थोडा भार येतो. म्हणून ज्या रानात माणूस चालत जातो, तिथे गाडी खचते. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक वर राहते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या डक नावाच्या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकला तर ड्रायव्हरने केबिनमध्ये बसूनच टायरची हवा कमी-जास्त करण्याची सोय दिलेली होती, ती समुद्रकाठच्या वाळूसाठीच.

पण हा उपाय सगळ्या चिखलाला लागू नाही, आणि वाद होतो तो इथेच. आत जाण्यापूर्वी खाली उतरून टॉमी जमिनीत खुपसून पाहावी. वर चार बोटे राड आणि खाली टणक लागत असेल तर हवा मुळीच कमी करू नये. अशा ठिकाणी कडक टायर राड कापून खालच्या घट्ट थराला धरतो, पसरलेला टायर मात्र वरच्या वर घसरतो. टॉमी वीतभर आत गेली आणि तरी टणक लागले नाही तर मग हवा उतरवण्यात अर्थ आहे. तीही रिकाम्या गाडीची. फार तर चौथा हिस्सा कमी करावी आणि माणसाच्या चालीने गाडी काढावी. भरल्या गाडीची हवा उतरवून पळवली तर टायर तापतो, आणि ट्यूबचा टायर असेल तर तो डिस्कवर सरकून ट्यूबचा वॉल्व्हच उपटला जातो. डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पूर्ववत भरलीच पाहिजे. त्यासाठी गाडीच्या ब्रेकच्या हवेतून नळी घेता येते का, हे आपल्या मिस्त्रीला आधीच विचारून ठेवावे. नळी लावल्यावर ब्रेकच्या घड्याळातला दाब पूर्ण येईपर्यंत गाडी हलवू नये.

रिंग लागणाऱ्या जुन्या डिस्कबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. हवा फार उतरलेल्या अवस्थेत चाललेल्या अशा चाकात थेट हवा भरू नये. रिंग जागेवरून हललेली असेल तर ती सुटून माणसाचा जीव घेते. चाक खोलावे, रिंग नीट बसल्याची खात्री करावी आणि हवा भरताना समोर उभे राहू नये. पंक्चरच्या दुकानांत हे सगळ्यांना ठाऊक असते. शेतात रात्री दोन वाजता मात्र ते कुणाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. गाडी रुतली की एक चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म उभे राहते, हे सर्वांनी पाहिले आहे. साध्या डिफरन्शियलची रचनाच अशी आहे की कमी विरोध असलेले चाक जेवढे ओढू शकेल, तेवढीच ओढ दुसऱ्या बाजूला मिळते. घसरणारे चाक जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून कोरड्यावरचे चांगले चाकही काही करू शकत नाही. उभ्या चाकाची भरपाई म्हणून फिरणारे चाक दुप्पट वेगाने फिरते. त्यात आतले छोटे दात आणि स्पायडर झिजतात आणि टायर आपल्याखाली खड्डा खणत जातो. तेव्हा ॲक्सिलरेटर दाबणे हा उपाय नसून खड्डा खणण्याचा धंदा आहे. चाक एकदा घसरले की पाय काढावा. फिरत्या चाकाला थोडा विरोध मिळावा म्हणून पायाचा ब्रेक अगदी अलगद लावून पाहण्याची युक्ती कधी कधी साधते, पण हलक्या पायानेच. आणि आपल्या गाडीला डिफरन्शियल लॉक आहे का, ते एकदा डॅशबोर्डवर पाहून घ्या. जुनी गाडी विकत घेतलेल्या काही मालकांना तो खटका कशाचा आहे हेच माहीत नसते. लॉक लावायचा तो गाडी उभी असताना, सरळ ओळीत, आणि टणक जमीन लागताच काढायचा. लॉक ठेवून वळण घेतले तर खर्च मोठा येतो.

टायरची नक्षी हा तिसरा भाग. मागे लग आणि पुढे रिब ही रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती योग्य आहे. आडव्या खोल गठ्ठ्यांचा लग टायर चिखल धरतो, उभ्या रेषांचा रिब टायर स्टेअरिंग सरळ ठेवतो. नवे टायर परवडत नसतील तर हंगामापूर्वी मागच्या चाकांना लग नक्षीचे रिमोल्ड करून घ्यावे, मात्र कवच शाबूत असेल तरच. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, काळ्या मातीला ती पुरत नाही. शिवाय प्रत्येक फेरीनंतर टायरच्या जोडीमधला दगड आणि माती टॉमीने काढणे हे क्लीनरचे काम समजू नये, मालकाने स्वतः पाहावे. तो दगड पुढे दोन्ही टायर खातो.

दोराचा उपाय आमच्या वडीलधाऱ्या ड्रायव्हरांचा आहे. डिस्कला जी भोके असतात त्यांतून जाड सोल किंवा जुनी साखळी ओवून बाहेरच्या टायरभोवती चार-पाच ठिकाणी आवळून बांधायची. प्रत्येक वेढा म्हणजे चिखलात रुतणारा एक दात. वॉल्व्हला आणि ब्रेक ड्रमला दोर घासत नाही, गाठ बाहेरच्या बाजूला आहे आणि मडगार्डला लागत नाही, एवढे पाहावे. दोन्ही बाजूंना सारखेच बांधावे. बांधावर आले की सोडून टाकावे. काही शे रुपयांच्या दोरात हे काम होते आणि दोर पुन्हा वापरता येतो.

चाकाखाली काय घालावे? ऊसतोड मंडळी पाचट घालतात, कारण ते फडातच पडलेले असते. नुसते पाचट ओले झाले की साबणासारखे सरकते. ते चाकाच्या वाटेला आडवे, जाड थराने अंथरावे आणि वर मुरूम किंवा राख टाकावी. तुरकाट्या त्याहून बऱ्या, कारण त्या मोडून मातीत रुततात. गोणपाट, जुन्या टायरच्या पट्ट्या, फळ्या गाडीत कायम असाव्यात. एक रुंद फळी जॅकसाठी राखून ठेवावी. काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच जमिनीत जातो. चाक उचलून खड्डा भरला की निम्मे काम झाले. मागून सामान टाकताना क्लीनरला चाकाच्या रेषेत उभे करू नये. फिरणारे चाक दगड आणि लाकूड बंदुकीच्या गोळीसारखे फेकते.

ओझ्याबद्दलही दोन शब्द. रिकाम्या गाडीचे वजन इंजिनाकडे असते, म्हणून ओढणारी मागची चाके हलकी राहतात आणि रिकामी गाडीच जास्त घसरते. भरताना माल मागच्या धुरीवर येईल असे पाहावे. पण धुरीच्या फार मागे लोंबता ऊस भरला तर पुढची चाके उचलू लागतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. २०१८ साली चार टायरांच्या मागच्या धुरीची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. ती डांबरी रस्त्याची मर्यादा आहे, पाणंदीची नव्हे. चिखलात अर्धी गाडी भरून बाहेर आणावी, उरलेला माल ट्रॅक्टर-ट्रॉलीने रस्त्यावर काढून तिथे चढवावा. शेतकरी कुरकुर करतो, हे आम्हाला माहीत आहे. भाडे ठरवतानाच, ‘गाडी बांधापर्यंत येईल, आतले तुमचे’ असे बोलून घेतले तर पुढची कटकट वाचते. बोलून न घेतल्यामुळे झालेली भांडणे आम्ही मार्केट यार्डात पुष्कळ ऐकली आहेत.

आत जायचेच ठरले तर गाडी रिकामी असतानाच वळवून तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी करावी, शक्य तर उताराकडे आणि पाचटावर. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, न थांबता. मध्येच गिअर बदलू नये.

आणि ट्रॅक्टर बोलवावाच लागला तर साखळी किंवा वायर रोप चॅसिसच्या हुकलाच लावावा, बंपरला नाही. झटके देऊन ओढू नये. दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो, म्हणून बघ्यांची गर्दी दोराच्या दुप्पट लांबीवर हटवावी. रानातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटे थांबून चाकांची माती काढावी. हैदराबाद रस्त्यावर पडलेली ती ढेकळे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री दिसत नाहीत.

राज्य सरकारने २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. ज्या गावांतून तुम्ही नेहमी माल उचलता, तिथल्या ग्रामपंचायतीत पाणंदीचे काम कुठवर आले आहे, याची चौकशी शेतकऱ्याबरोबर तुम्हीही करावी. त्या वाटेवर चाक तुमचेच रुतते.