बोराकायची वाळू आणि बोराकायची माणसे

फिलिपीन्समधील पनाय बेटाच्या वायव्य टोकाशी बोराकाय नावाचे एक चिमुकले बेट आहे. लांबी जेमतेम ७ किलोमीटर; पश्चिमेला पिठासारख्या मऊ, पांढऱ्याशुभ्र वाळूचा ४ किलोमीटरांचा किनारा. १९७० नंतरच्या काही वर्षांत पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे युरोपीय तरुण येथे येऊ लागले, तेव्हा बेटावर वीज नव्हती. कातिक्लानहून नावेने यावे, गुडघाभर पाण्यात उतरावे आणि निपाच्या पानांनी शाकारलेल्या झोपडीत कंदिलाच्या उजेडात रात्र काढावी, असा तो काळ. मासेमारी आणि खोबरे यांवर रहिवाशांचा चरितार्थ चाले. त्या दिवसांच्या आठवणी काढणारे प्रवासी म्हणतात, खरे बोराकाय आम्हीच पाहिले. वीज आल्यावर आलेलेही तेच म्हणतात, हा भाग वेगळा.

पुढे जे घडले त्याचा दोष एकट्या पर्यटकाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. १९७८ साली मार्कोस राजवटीने या बेटाला पर्यटन क्षेत्र म्हणून घोषित केले. तेथील जमीन कोणाची, हा प्रश्न मात्र लोंबकळत ठेवला. ताबा होता, कर भरल्याच्या पावत्या होत्या, पण बहुतेकांपाशी मालकीपत्र नव्हते. ज्या जमिनी आधीच रीतसर नोंदल्या गेल्या होत्या त्या वगळता बेट सरकारचे आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००८ मध्ये. तोपर्यंत किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली होती. मालकी संदिग्ध असली की इमारती झपाट्याने उठतात. त्यांच्या सांडपाण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. १९९७ मध्येच समुद्राच्या पाण्यात मैल्यातील जंतू आढळले होते आणि पाहुण्यांची संख्या काही काळ घटली होती. पण धडा विसरला गेला. २०१७ साली सुमारे १० चौरस किलोमीटरांच्या या बेटावर २० लाखांहून अधिक पर्यटक आले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष दुतेर्ते यांनी बोराकायला मैल्याचे डबके म्हटले आणि २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने बेट पर्यटकांना बंद केले. नऊ पाणथळ जागांपैकी पाचच शिल्लक असल्याचे तेव्हा उघड झाले. सुमारे ३६ हजार लोकांच्या रोजगारावर गदा येईल, असा सरकारचाच अंदाज होता. ज्यांनी गटारे समुद्रात सोडली त्यांच्याबरोबर भांडी घासणाऱ्यालाही शिक्षा झाली. बेट पुन्हा उघडले तेव्हा एका वेळी १९,२१५ पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. पाणी निवळले, हे मान्य केले पाहिजे.

पण या साऱ्या हिशेबात एक खाते कच्चेच राहिले. बेटाचे मूळ रहिवासी आती नावाचे आदिवासी. हॉटेले वाढत गेली तसे ते किनाऱ्यावरून मागे सरकत गेले. २०११ मध्ये त्यांना वडिलोपार्जित भूमी म्हणून कशीबशी २.१ हेक्टर जमीन मिळाली. तिच्यावरही इतरांनी हक्क सांगितला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आतींच्या तरुण प्रवक्त्याची गोळ्या घालून हत्या झाली. २०१८ च्या अखेरीस दुतेर्ते यांनी स्वतः येऊन आणखी ३ हेक्टरांहून थोड्या अधिक जमिनीचे पट्टे वाटले. त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्या जमिनींवरही खाजगी दावे उभे राहिले, आणि २०२४ मध्ये काही आती कुटुंबांच्या वाटेत कुंपणे आली. त्या बातमीला फारशी जागा मिळाली नाही.

बोराकायला जाणारे पुष्कळ प्रवासी कालिबोच्या विमानतळावर उतरतात. त्या गावात दर जानेवारीत आती-आतिहान हा मोठा उत्सव भरतो. बोर्निओहून आलेल्या सरदारांना आतींनी एका सोन्याच्या टोपीच्या मोबदल्यात आपली सपाटीची जमीन दिली, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. लोक आतींसारखे दिसावे म्हणून तोंडाला काजळी फासतात आणि ढोलांच्या तालावर रस्तोरस्ती नाचतात. पाहुण्यांना हा उत्सव फार आवडतो.